सुईणीचं व्याख्यान

लोणावळ्यात आम्ही सात वर्षं काढली. आमचे हे मालधक्क्यावर कारकून होते आणि स्टेशनच्या खालच्या अंगाला रेल्वेच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. मी पुण्याच्या पेठेत वाढलेली. आमच्या बोळात एका घरात फोडणी पडली की चार घरांना ठसका लागायचा. लोणावळ्यात पहिल्याच पावसाळ्यात समोरची चाळ धुक्यात गेली ती दसऱ्याच्या आधी काही दिसली नाही. मुंबईच्या शेटजींचे बंगले बंद, त्यांच्या ओट्यावर माळी तेवढे घोंगडं पांघरून बसलेले. घरात सासूबाई, हे आणि मी. बोलायला चौथं माणूस म्हणजे दूधवाला.

म्हणून वकिलीणबाईंचं बोलावणं आलं तेव्हा मी लगेच गेले. या बाई गावातल्या मोठ्या वकिलांच्या पत्नी. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. त्यांनी बायकांचं एक मंडळ काढलं होतं. दर शनिवारी दुपारी तीनला मुलींच्या शाळेत जमायचं, बाहेरून कोणीतरी पाहुणा बोलवायचा आणि तास-दीड तास त्याचं ऐकायचं, एवढंच मंडळाचं काम. शनिवारी शाळा सकाळची असे, त्यामुळे दुपारी मोठा वर्ग मोकळा मिळायचा. आम्ही पंचवीस-तीस जणी बाकं भिंतीला सरकवून सतरंजीवर बसायचो. पाहुण्याला हेडबाईंची खुर्ची. शेवटी आभार, नारळ आणि चहा.

माझं अक्षर बरं म्हणून दुसऱ्याच महिन्यात मला चिटणीस केलं. पाहुण्यांना कार्डं लिहायची, आमचं घर स्टेशनजवळ म्हणून त्यांना गाडीवरून उतरवून घ्यायचं, आणि सभा झाली की व्याख्यानाचा सारांश वहीत उतरवायचा. हे काम मला फार आवडायचं. पुण्याहून प्रोफेसर यायचे, मुंबईहून एखादी शिकलेली बाई हवापालटाला आली असली तर तिला आम्ही गाठायचो. मधमाश्यांवर ऐकलं, जपान देशातल्या घरांवर ऐकलं. एक निवृत्त ओव्हरसियर घरातल्या मोकळ्या हवेवर बोलायला आले होते. श्रावणाचे दिवस. त्यांनी आधी वर्गाच्या साऱ्या खिडक्या उघडायला लावल्या. पाचच मिनिटांत धुकं आत आलं, मागच्या बायकांना ते दिसेनात आणि पुढच्यांना त्यांचा खोकला तेवढा ऐकू येऊ लागला. वकिलीणबाईंनी गंभीर चेहऱ्यानं उठून एकेक खिडकी लावून घेतली आणि म्हणाल्या, आता पुढचं सांगा. आम्ही पदर तोंडाला लावून बसलो होतो.

त्या मंडळातल्या एका व्याख्यानाची गोष्ट मला सांगायची आहे.

माझी थोरली मुलगी माघात झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळली होती, म्हणून सासूबाईंनीच मला ठेवून घेतलं. सुईण मळवलीची होती. मळवली म्हणजे लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना पहिलंच स्टेशन. ती जातीनं मुसलमान, विधवा, साठीच्या घरातली. लोणावळ्यापासून खाली कान्हे स्टेशनापर्यंत कितीतरी घरांत तिचं जाणं-येणं होतं. हिंदू असोत, मुसलमान असोत, डोंगरातल्या वाडीवरचे असोत, सगळे तिला मावशी म्हणायचे. आमच्या घरात बाळंतिणीच्या खोलीत ती सोवळ्या-ओवळ्याशिवाय वावरली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मात्र ती आपणहून थांबायची. मलाही तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

माझं मूल आडवं होतं. कळा सुरू होऊन दीड दिवस झाला होता. मावशी आली, तिनं पोटावरून हात फिरवला आणि सासूबाईंना सांगितलं की घाई करू नका, पोर वाट चुकलंय, त्याला वाट दाखवू. मग कोमट तेल घेऊन ती माझ्याजवळ बसली. ती ना जोर करत होती, ना आरडाओरडा. मधूनच थांबायची, हात तसाच ठेवायची, आणि आपल्या कोंबड्यांच्या, भाताच्या गोष्टी सांगायची. उन्हं कलायच्या सुमाराला पोटात काहीतरी जड वस्तू कुशीवर वळावी तसं मला जाणवलं. दिवेलागणीच्या आत मुलगी झाली. मी मेले असते किंवा मूल गेलं असतं, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी फक्त भूक लागली होती.

त्याच साली गावात एक डॉक्टरीणबाई आल्या. मुंबईला शिकलेल्या, सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, लग्न न केलेल्या. त्यांनी बाजाराच्या टोकाला दोन खोल्यांत दवाखाना काढला होता. गावातल्या बायका तिथे लहान मुलांचं खोकल्याचं औषध आणायला जायच्या, बाळंतपणाला मात्र कोणी बोलवत नव्हतं. बाळंतपण आणि स्वच्छता या विषयावर त्यांना बोलवावं असं सभेत मीच सुचवलं. विषय ठरला तसं मला वाटलं, हे तर मावशीचं काम. तिला ऐकायला आवडेल. तिला निरोप धाडून बोलावलं तेही मीच.

भाद्रपदातला शनिवार होता. मावशी गाडीनं आली, सगळ्यांच्या मागे दाराशी बसली. डॉक्टरीणबाई पांढऱ्या पातळात होत्या. त्यांनी फळ्यावर चित्रं काढली आणि फार स्वच्छ बोलल्या. बाळंतिणीला ताप येतो तो नजर लागून येत नाही, कुठल्या देवीच्या कोपानं येत नाही, तो हातांनी येतो, हे त्यांनी तीन-तीनदा सांगितलं. तापलेल्या बाळंतिणीच्या खोलीतून सुईण उठते, पाण्याचे चार थेंब हातावर घेते आणि दुसऱ्या घरी जाऊन दुसरीला हात लावते. मग दुसरी तापते.

त्या म्हणाल्या, "अशा बाईला सुईण म्हणू नका. ती मरणाची टपालवाली. एका घरून घेते आणि दुसऱ्या घरी पोचवते."

बायका हसल्या. मीही हसले असेन. हसता हसता मी मागे पाहिलं तेव्हा मावशी उठली होती. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. पदर डोक्यावर नीट घेतला आणि बाहेर गेली. मला आभार मानायचे होते, पाहुणीला चहा द्यायचा होता. सगळं उरकून मी शाळेच्या फाटकाशी आले तोवर ती दिसेनाशी झाली होती.

पुढचे चार दिवस मला चैन पडलं नाही. जिनं माझं मूल वाचवलं तिला मी घरून बोलावून आणलं आणि तीस बायकांदेखत तिचा अपमान करवला, हेच डोक्यात फिरत होतं. यांना सांगितलं. हे म्हणाले, जाऊन क्षमा मागून ये, त्यात विचार कसला करतेस. सासूबाई म्हणाल्या, सुईणीची कसली क्षमा, पण मुलीला थंडी लागू देऊ नकोस. बुधवारी दुपारच्या गाडीनं मी मुलीला घेऊन मळवलीला गेले.

पाऊस उघडला होता. स्टेशनापासून भाताच्या बांधावरून वाट होती आणि दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलं होतं. मावशीचं घर वस्तीच्या कडेला, कौलारू, पुढे काकडीचा मांडव. अंगणात तिची नात, आठ-नऊ वर्षांची, पाटीत वाल निवडत बसली होती. मावशीनं मला पाहिलं, आधी मुलीला माझ्या कडेवरून घेतलं. तिचे पाय ताणून पाहिले, बेंबी पाहिली, टाळूवर तळहात ठेवला. मग नातीला शेजारी पाठवून दिलं आणि माझ्यासाठी घोंगडी अंथरली. तिनं मांडवावरची काकडी तोडून माझ्यापुढे ठेवली. मी तिच्या घरचं पाणी पिईन की नाही हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं पाणी विचारलं नाही. मीही मागितलं नाही. मागायला हवं होतं असं पुढे कितीदा तरी वाटलं.

मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी बाई नको ते बोलल्या. मीच तुम्हाला बोलावलं होतं. माझं चुकलं."

"त्या काय वंगाळ बोलल्या? खरं तेच बोलल्या," ती म्हणाली.

मला वाटलं, ती रागानं बोलते आहे. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मुलीचे पाय चोळत राहिली आणि मग तिनं सांगायला सुरुवात केली.

नऊ वर्षांपूर्वी पौषात लोहगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत ती बाळंतपणाला गेली होती. बाळंतपण सरळ झालं, पण तिसऱ्या दिवशी त्या बाईला ताप भरला. वाडीवर करणारं कोणी नव्हतं. मावशी दोन दिवस तिथेच राहिली. तिचं अंग पुसलं, लुगडी बदलली, मूल सांभाळलं. तिथेच तिला घरून निरोप आला की तुझ्या लेकीच्या कळा सुरू झाल्या. तिची एकुलती एक मुलगी पहिलटकरीण, बाळंतपणाला आईकडे आलेली. मावशी तशीच डोंगर उतरून पळत घरी आली. घरात शिरताना पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि लेकीजवळ बसली. मुलगी झाली. तीच ही वाल निवडणारी नात. तिसऱ्या दिवशी लेक तापली, सातव्या दिवशी गेली. त्याच आठवड्यात वाडीवरची बाईही गेल्याचं कळलं. गावानं सांगितलं की वाडीवरचं काहीतरी मावशीच्या मागं घरापर्यंत आलं. तिनं तावीज केले, दर्ग्यावर चादर चढवली, आणि शेवटी देवाची मर्जी म्हणून पुन्हा कामाला लागली.

"नऊ वर्सं मी म्हनत हुते, अल्लाची मर्जी," ती म्हणाली. "शनवारी कळलं. टपाल मीच आनलं."

मी तेवीस वर्षांची होते. तुम्हाला कुठे माहीत होतं, असं काहीतरी पुटपुटले. तिनं मान हलवली. मग म्हणाली की तिला त्या बाईंना एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती चार बायकांदेखत विचारायची आहे. माझ्यासारख्या हितं धा सुईणी हायत, त्यांना कोन सांगनार, असं तिचं म्हणणं. आणि बायकांना कळलं तर त्या सुईणीला दारातच हात धुवायला लावतील.

मी परतीच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या मनात काही ठरलं नव्हतं. पण घरी आले तर एक कार्ड येऊन पडलं होतं. येत्या शनिवारी ग्रहताऱ्यांवर बोलायला येणार होते ते पुण्याचे प्रोफेसर आजारी पडले होते. मी कार्ड घेऊन तशीच वकिलीणबाईंकडे गेले आणि म्हटलं, या शनिवारी मावशीला बोलवू या.

वकिलीणबाईंनी आधी चष्मा काढला. व्याख्यान म्हणजे गप्पा नव्हेत, त्या म्हणाल्या. तिला अक्षरओळख नाही, ती काय विषय मांडणार, आणि उद्या लोक म्हणतील मंडळाला पाहुणे मिळेनात. मग मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकताना त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. एक झालं होतं आणि गेलं होतं, हे मला पुढे दुसऱ्यांकडून कळलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "हे ऐकल्यावर लोक तिला घरी बोलवायचे नाहीत. तिला हे समजतंय का? तू नीट विचार तिला."

मी यांच्याकरवी मळवलीच्या पोर्टरला निरोप धाडला. उलट निरोप आला: समजतंय, येते.

शनिवारी वर्ग भरला होता. सुईण बोलणार म्हणून काहीजणी गंमत पाहायला आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना मी एवढंच सांगितलं होतं की वक्त्यांची इच्छा आहे, तुम्ही पुढे बसा. वक्त्या कोण हे कळल्यावर त्या जरा ताठ झाल्या. मावशी धुवट हिरवं लुगडं नेसून आली होती. खुर्चीवर बसायला तिनं नकार दिला. वकिलीणबाईंनी तिला दंडाला धरून बसवलं आणि स्वतः खाली सतरंजीवर, तिच्या समोर बसल्या. ते पाहून मागची कुजबुज थांबली.

पहिल्यांदा मावशीच्या तोंडून शब्द फुटेना. मग तिनं आमच्यातल्या एकीकडे बोट करून विचारलं, तुझा थोरला आता चालतो का सरळ? ती हो म्हणाली. दुसरीला विचारलं. अशा सहा-सात जणींना विचारता विचारता तिचा आवाज मोकळा झाला. तिनं आपल्या सासूकडून काम कसं शिकली ते सांगितलं. सासू तिला आधी शेळ्यांच्या वेताला बसवायची. शेळीनं शिकवलं ते माणसानं शिकवलं न्हाई, म्हणाली. कळा मंदावल्या तर बाईला झोपू द्यावं, तिला दटावू नये, सासवांनी दारात उभं राहून आणि किती वेळ म्हणून विचारू नये. बायका हसल्या, पण हे हसणं निराळं होतं.

मग तिनं वाडीवरच्या बाईची आणि लेकीची गोष्ट सांगितली. माझ्यापाशी सांगितली होती त्याहून थोडक्यात, आवाज न चढवता. शेवटी म्हणाली, "हे आधी मी माझ्या नातीला सांगितलं, मग हितं आले. तिच्या आईचं हाय, तिला पयलं कळाया पायजे."

बाहेर घाटातून आलेल्या गाडीची शिट्टी झाली. मावशीनं डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं.

"बाई, एक इचारते. मी त्या दिशी तुमी सांगितलं तसे हात धुतले असते, तर माजी पोर वाचली असती का?"

डॉक्टरीणबाई उठल्या. काहीतरी समाधानाचं बोलतील असं मला वाटलं. बोलाव्यात असंही वाटत होतं.

"नक्की कोणाला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण वाचण्याचा संभव पुष्कळ होता. बहुतेक वाचली असती."

मावशीनं मान डोलावली. "खोटं सांगितलं न्हाई, बरं केलंत," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की टपालवाली हा शब्द त्यांनी वापरायला नको होता. मावशी म्हणाली, राहू द्या, त्या शब्दानंच मला कळलं; तुमी नुसतं सांगितलं असतं तर माज्या डोक्यावरनं गेलं असतं.

इथे सभा संपली असती. वकिलीणबाई आभारासाठी उठतही होत्या. पण डॉक्टरीणबाई मावशीच्या खुर्चीजवळ गेल्या आणि म्हणाल्या की आडवं मूल बाहेरून फिरवताना त्यांनी कॉलेजात दोनदाच पाहिलं होतं आणि स्वतः कधी केलं नव्हतं. मावशी दाखवतील का? मावशी खुर्चीवरून खाली उतरली. शिवणाच्या तासाची अर्धवट शिवलेली एक गोधडी कपाटात होती, ती आम्ही काढली. पाहुणीला द्यायला आणलेला नारळ डोकं म्हणून आत घातला, मुलींच्या वह्यांचा एक गठ्ठा अंग म्हणून, आणि वरून गोधडी गुंडाळली. मावशी त्यावर हात ठेवून सांगत होती, डॉक्टरीणबाई तिच्या हातांवर हात ठेवून शिकत होत्या, आणि आम्ही सगळ्या भोवती गोळा झालो होतो. चहा निवून गेला. पाच वाजून गेले तरी कोणी घरी जायचं नाव काढीना.

त्या रात्री सारांश लिहायला बसले आणि लेखणी अडली. वकिलीणबाईंनी जाताना हळूच सुचवलं होतं की त्या दोन मृत्यूंचा मजकूर वहीत न आला तर बरं. वही कोणाच्याही हातात पडते. मी पुढच्या भेटीपर्यंत पान कोरं ठेवलं आणि मावशीला विचारलं. ती म्हणाली, "लिव. कुनी वाचलं तर हात धुवील." मग मी सगळं लिहिलं.

वकिलीणबाईंचं भाकीत मात्र खरं ठरलं. बातमी गावभर झाली आणि मावशीला बोलावणी येईनाशी झाली. लोणावळ्यातून तर तीन-चार महिने एकही नाही. जिच्या हातानं स्वतःची लेक गेली ती आपली सून काय वाचवणार, असं नळावर बोललं जायचं. गंमत अशी की त्याच बायका दुसऱ्या सुईणींना बोलवत होत्या, ज्यांनी हातांविषयी कधी ऐकलंही नव्हतं. मला वाटायचं, मीच तिला या फुफाट्यात ढकललं. मी तिला तसं बोललेही. ती म्हणाली, भात काढायचं हाय, बरंच झालं उसंत मिळाली. पण ती वाळली होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला सोडलं नाही. दर बुधवारी दुपारी मावशी गाडीनं दवाखान्यात यायची. कात्री कशी उकळायची, साबण आणि ब्रश लावून कोपरापर्यंत हात किती वेळ घासायचे, कधी हात न लावता डॉक्टरला बोलवायचं, हे ती शिकली. पुढे कान्ह्याची एक सुईण तिनं सोबत आणली, मग वाडीवरची एक. ज्या दिवशी दवाखान्यात पहिलं बाळंतपण झालं, त्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या शेजारी मावशी होती. तरी घरोघरचं बोलावणं काही पूर्वीसारखं सुरू झालं नाही.

त्या व्याख्यानानंतर दीड वर्षानं माझे पुन्हा दिवस भरत आले होते. सासूबाईंनी स्पष्ट सांगितलं की ती मळवलीची नको. त्या वाईट नव्हत्या. त्यांना भीती वाटत होती. मी त्यांच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. त्या दिवशी चुलीपुढे बसल्या बसल्या मी म्हटलं, "आई, तीच हवी. तिच्याइतके हात या गावात कोणी धुवायचं नाही." सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, तुझं बाळंतपण, तुझा जीव, पण डॉक्टरीणही आली पाहिजे.

दोघी आल्या. चैत्रातली सकाळ होती. मावशी पहिल्या गाडीनं आली, पत्र्याचा एक डबा घेऊन. त्यात कात्री, दोरा, साबण, ब्रश, सगळं धुतलेल्या फडक्यात बांधलेलं. माझ्याजवळ येण्याआधी ती मोरीवर गेली. मला अंथरुणातून मोरी दिसत होती. मावशी हात घासत होती. नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट, कोपर, पुन्हा नखं. सासूबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मावशीनं तांब्या उचलायला हात पुढे केला आणि थांबली, कारण तांब्याला हात लावला तर धुतलेला हात पुन्हा विटाळणार. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी स्वयंपाकघरातलं उकळून कोमट केलेलं पाणी आणलं आणि आपल्या हातानं तिच्या हातांवर धार धरली.

बाराच्या सुमाराला मुलगा झाला. सगळं इतकं सरळ झालं की डॉक्टरीणबाई नुसत्या स्टुलावर बसून होत्या. दहा दिवस मला तापाची कणकणही आली नाही. आणि मग सासूबाई नळावर गेल्या. त्यांनी काय काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण आमच्या चाळीतलं पुढचं बाळंतपण मावशीनं केलं, त्याच्या पुढचंही. वर्षभरात तिला पुन्हा पूर्वीसारखी उसंत मिळेनाशी झाली. मंडळातही दर वर्षी भाद्रपदातला एक शनिवार तिचा ठरून गेला. नव्या सुना त्या शनिवारी हटकून यायच्या.

मग जर्मनीशी लढाई सुरू झाली. गाड्या वेळेवर येईनात, पुण्या-मुंबईचे पाहुणे नकार कळवू लागले. मंडळ बंद करावं का असा विषय सभेत निघाला. वकिलीणबाई म्हणाल्या, पाहुणा गाडीनंच यायला हवा असं कुठे लिहिलंय? तेव्हापासून गावातलेच पाहुणे खुर्चीवर बसू लागले. गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी करणारी बाजारातली म्हातारी पाक कसा ओळखावा यावर बोलली. एका बंगल्याचा माळी गुलाबाच्या छाटणीवर बोलला, पण बायकांकडे न पाहता, खिडकीकडे तोंड करून. लोहगडाखालच्या वाडीवरची एक बाई रानभाज्या घेऊन आली, तिनं एकेक पान वर धरून नाव सांगितलं आणि खायची कोणती, न खायची कोणती ते वेगळं करून दाखवलं. त्या दोन वर्षांत मी जेवढी पानं लिहिली तेवढी आधी कधी लिहिली नव्हती.

यांची बदली दौंडला झाली तेव्हा मावशी मुद्दाम भेटायला आली. मुलांना जवळ घेतलं, सासूबाईंपाशी बसली. मी तिला चहा दिला, स्वयंपाकघरात, माझ्या शेजारी पाटावर बसवून. सासूबाई काही बोलल्या नाहीत.

दौंडला बायकांचं मंडळ नव्हतं. धूळ, कोळसा आणि दिवसभर शंटिंगचे आवाज. कोणी बोलावेल म्हणून महिनाभर वाट पाहिली, मग शेजारणींना विचारलं की शनिवारी दुपारी तासभर बसायचं का. पाचजणी आल्या. पाहुणी कोणी मिळाली नव्हती, म्हणून पहिल्या दिवशी मीच बोलले, मळवलीच्या मावशीवर.